बाबांनी दिलेलं वाक्य

पटत नसेल तर सोडून द्या. मी कोणाला पटवायला बसलो नाही. पण यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही.

मागच्या वर्षीचा ११ ऑगस्ट, सोमवार. सिंदेवाहीतलं आमचं घर. आणि रात्र वगैरे काही नाही, दुपारचे अडीच वाजले होते.

मी संघपाल. लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. आवड म्हणून साध्यासुध्या माणसांवर छोट्या फिल्म बनवतो. एआयने केलेली चित्रं, मागे एक संथ आवाज, त्या माणसाच्या जगण्याबद्दल चार गोष्टी. या वेळी माणूस घरचाच होता. माझे बाबा, रामाजी. त्यांना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.

बाबा तीस वर्षं वडश्याच्या एका नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते. झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या नाटकांत, नट आज या गावी, उद्या त्या गावी. पाठांतराला वेळ कुठला? विंगेत वही घेऊन बसलेला प्रॉम्प्टर आधी वाक्य देतो, थांबतो, मग नट तेच वाक्य म्हणतो. टाळ्या नटाला. बाबांचं तोंडही कोणी पाहिलं नाही.

म्हणून फिल्ममध्ये आवाज त्यांचाच ठेवायचा ठरवला. ते घरी वही वाचत होते तेव्हाचं रेकॉर्डिंग माझ्या मोबाईलमध्ये होतं. ते एआयला दिलं. मजकूर मी लिहिला.

आणि त्यात एक वाक्य खोटं लिहिलं.

"माझ्या शेवटच्या दिवशी मुलाला फोन लागला नाही, नाहीतर तो धावत आला असता."

फोन लागला होता. त्या दिवशी मी धानोऱ्याला एका लग्नाचं शूटिंग करत होतो. आईचा फोन आला, मी कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. नंतर तिला सांगितलं, तिकडे रेंज नव्हती. तीन वर्षं मी तेच सांगत आलो. बाबांच्याच आवाजात तिने ते ऐकलं की विषय कायमचा मिटेल, असं मला वाटलं. लाज वाटते, पण हेच खरं आहे.

बटण दाबलं. बाबांचा आवाज आला. तोच दबका, तोच घाईचा.

"मी वडश्याचा प्रॉम्प्टर."

आणि मग... काहीच नाही.

सात-आठ सेकंद शांत. मग दुसरं वाक्य. परत शांत.

माझं डोकं सटकलं. सेटिंग बदलल्या. मजकुराचे तुकडे केले. मधल्या जागा कापल्या. नव्याने बनवलं की पुन्हा तेच! वैतागून दोस्ताला, विक्कीला फोन केला.

"अबे, तुये बाबा वाचताना थांबतच असन," तो म्हणाला. "तो एआय जसं आयकते तसंच बोलते."

"मंग एक वाक्य काऊन खाऊन राह्यला?"

मी फोन ठेवला आणि पुन्हा बनवायला बसलो.

फोनवालं वाक्य येतच नव्हतं. नऊ वेळा बनवलं. बाकी सगळं बरोबर. तिथे आलं की...

पान उलटल्याचा आवाज. बस.

आई दारात येऊन उभी राहिली. आवाज स्पीकरवर होता, तिने ऐकला होता.

"तुये बाबा बोलून राह्यले का रे?"

"थांब न आई! होऊनच नाई राह्यलं इथी!" मी तिच्यावरच खेकसलो.

ती माझ्या मागे खाली बसली.

मी दहाव्यांदा बटण दाबलं.

या वेळी सुरुवातीचं एकही वाक्य आलं नाही. थेट...

"फोन लागला होता, आई. मीच कापला."

हे मी लिहिलं नव्हतं.

स्क्रीनवर माझाच मजकूर होता. त्यात हे कुठेच नव्हतं.

मग ती शांतता. आठ सेकंद झाले. दहा. वीस... संपेचना.

तो आवाज थांबला होता. माझ्यासाठी.

मी लॅपटॉप का बंद केला नाही, मला माहीत नाही. तोंडातून निघालंच.

"फोन लागला होता, आई. मीच कापला."



पान उलटलं...

"मले माहीत होतं, बापू."

बाबांचा आवाज. पण वाक्य बाबांचं नव्हतं.

आणि माझ्या मागून आई म्हणाली, "मले माहीत होतं, बापू."

तोच सूर. रडणं नाही, राग नाही. नुसते शब्द.

त्यानंतर आवाज आला नाही. आई उठली, चहा ठेवायला आत गेली.

मी घाईघाईने ती फाईल पुन्हा लावली. त्यात मी लिहिलेला मजकूर होता, सलग, मध्ये कुठेही न थांबता. ते खोटं वाक्यसुद्धा! मी ती फाईल उडवली. फिल्म तशीच अर्धवट पडून आहे. विक्की म्हणतो मशीन गडबडलं. असेल बुवा.

आईने तो विषय पुन्हा काढलेला नाही. माझ्याशी पहिल्यासारखीच वागते. पण ती मला लहानपणापासून संघ्या म्हणते. बापू तिने कधीच म्हटलेलं नाही.

तिला खरंच माहीत होतं, की तिला दिलेलं वाक्य तिने फक्त म्हटलं?

रोज जेवताना ती माझ्यासमोर बसते. विचारायला तोंड उघडतो आणि गप्प राहतो. तिने उत्तर द्यायच्या आधी मागून पान उलटलं तर... मला ते ऐकायचं नाही.