फाउस्तीनाचं बोट

ज्यांना ही हकिकत खोटी वाटते, त्यांनी इटलीतल्या ब्रेशा शहरात यावं, आमच्या घरातलं चित्र पाहावं आणि मग बोलावं.

सन १५५८. मृतात्म्यांच्या सणाची दुपार. धुकं इतकं दाट, की चित्रशाळेत भरदिवसा दिवे लावले होते.

माझ्या आजीची आई, फाउस्तीना, बाळंतपणात गेली होती. मास्त्रो, म्हणजे चित्रकार, तिचं चित्र काढणार होते. रिवाजाप्रमाणे तिच्या जागी लाकडी पुतळी बसवली होती. अंगात फाउस्तीनाचा हिरवा मखमली झगा. गळ्यात तिचे मोती. हाताला फितीनं बांधलेलं तिचं लॅटिन पुस्तक... अर्धंच वाचून झालेलं.

तिचे पती, काउंट ओत्तावियो, आत आले.

"ते पुस्तक हटवा, मास्त्रो. मांडीवर कुत्रं रंगवा. लोक म्हणतील, मी पंतोजीशी लग्न लावलं!"

"कुत्रं तुमच्या चित्रात घाला, जावईबापू," फाउस्तीनाच्या आई, दोना लेओनार्दा, म्हणाल्या. "तिथे शोभेल."

"सासूबाई, झगा माझा, मोती माझे."

"आणि विद्या तिची. मखमल सांगेल, ती कोणाची बायको होती. पुस्तक सांगेल, ती कोण होती."

काउंटनी फीत कापली. पुस्तक दूरच्या मेजावर आपटलं. मास्त्रोंना घेऊन ते अंगणातलं कुत्रं आणायला गेले.

लेओनार्दा दारातच उभ्या राहिल्या. पाठ खोलीकडे.

खोलीत कोणीच नव्हतं.

आणि तरीही...

पान उलटल्याचा आवाज.

मग आणखी एक.

काउंट आणि मास्त्रो परतले. कुत्रं उंबरठ्यापर्यंत आलं. भुंकलं नाही. मागे मागे सरकत गेलं.

मेज रिकामं होतं.

पुस्तक पुतळीच्या हातात होतं. तर्जनी पानांत अडकवलेली... वाचताना कोणी हाक मारली, की आपण खुणेसाठी अडकवतो तशी.

त्या पुतळीची बोटं एकाच लाकडात कोरलेली होती. ती वाकतच नसत.

काउंटनी पुस्तक ओढलं. सुटेना. पुतळीच्या बोटाला हात लागला आणि त्यांनी तो झटकन मागे घेतला.

बोट... कोमट होतं.

"मास्त्रो," लेओनार्दांचा आवाज जराही कापला नाही, "दिसतंय तसंच रंगवा."

चित्र तसंच रंगलं. लेओनार्दांनी ते आपल्या दिवाणखान्यात लावलं, तेव्हा चित्रातलं बोट पुस्तकाच्या मध्यावर होतं.

आज, ऐंशी-नव्वद वर्षांनी, त्या बोटापुढे जेमतेम चारसहा पानं उरली आहेत.

पुस्तक संपल्यावर काय, हे आमच्या घरात कोणी मोठ्यानं विचारत नाही. लेओनार्दांनी मरण्यापूर्वी चित्राखाली दुसरा ग्रंथ ठेवला. "वाच, पोरी," एवढंच म्हणाल्या.

त्या ग्रंथाला आम्ही हात लावत नाही. तरी त्यावर धूळ बसत नाही.

चित्र उतरवा, असं सुना सांगतात. मी उतरवू देणार नाही.

मात्र त्या खोलीत मी चित्राकडे पाठ करून बसत नाही.