रॉयच्या बदल्यात मशीन

"रॉयच्या बदल्यात… मशीन?" मी बाबांकडे बघितलं. बाबा मॅनेजरकडे बघत होते, आणि मॅनेजर स्वतःच्या बुटांकडे.

१९९२च्या जूनमधला रविवार होता. इंग्लंडातल्या ब्रॅकनेलच्या एका पार्कात आमच्या क्लबचं बेसबॉलचं मैदान होतं, आणि मैदानाच्या कडेला घडीच्या खुर्च्या टाकून बसणारे आम्ही वीस-पंचवीस सपोर्टर. आई नर्स, रविवारी हॉस्पिटलात वॉर्डवर असायची, म्हणून लहानपणी बाबा मला इथे घेऊन यायचे. पुढे मी कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला लागले, तरी रविवार काही सुटला नाही. त्या दिवशी भुरभुर पाऊस होता. मॅच आम्ही हरलो होतो, त्याचं कुणाला विशेष नव्हतं. मग मॅनेजर खोकला आणि म्हणाला, की जुलैच्या शेवटच्या मॅचनंतर रॉय टॅनर हाउन्सलोच्या क्लबकडून खेळेल आणि त्याच्या बदल्यात हाउन्सलो आपल्याला चेंडू फेकायचं मशीन देईल.

रॉय म्हणजे आमचा पिचर. मला आठवतंय तेव्हापासून तोच चेंडू फेकायचा, आणि समोरचे हवेत बॅट फिरवून परत जायचे. आता पंचेचाळिशीला आला होता, चेंडूचा वेग उतरला होता, हे आम्हालाही दिसत होतं… पण म्हणून मशीन? हा माणूस आठवडाभर आमच्या गल्लीत पत्रं टाकायचा. पुण्याहून आलेलं पत्र असलं की दोनदा बेल वाजवायचा. चेंडू कसा धरायचा हे मला त्यानेच आमच्या कुंपणापाशी उभं राहून शिकवलं होतं.

सपोर्टरांत एकच गलका झाला. कुणी टोपी चिखलात फेकली. मिसेस पॉटर नावाच्या आजीबाईंनी खुर्ची मिटली, यापुढे या मैदानात बसणार नाही असं जाहीर केलं, आणि चहा आल्यावर खुर्ची परत उघडली.

मॅनेजरच्या शेजारी हिरवी टोपी घातलेला एक तरुण उभा होता. हाउन्सलोचा सेक्रेटरी. त्याच्यामागे ताडपत्रीखाली ते मशीन. माझं डोकं फिरलं.

"बघा बाबा, कसा उभा आहे दलाल," मी चांगली मोठ्याने म्हणाले. "वर तोंड करून हसतोय. गुरांच्या बाजारात नेला ना, तर बैल समजून लोक आधी यालाच विकत घेतील. नाक तेवढं बरं आहे, पण नाकाचं काय करायचंय?"

हाउन्सलोत पंजाबी वस्ती फार, तेव्हा हाही पंजाबी असणार, मराठी त्याला कळणार नाही, हे मी धरूनच चालले होते.

त्याने टोपी काढली. "नाकासाठी थँक यू," तो स्वच्छ मराठीत म्हणाला, म्हणजे जमेल तितक्या स्वच्छ. "आजीकडून आलाय. बैलाचं मी घरी नाही सांगणार."

माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ते काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. बाबांना मात्र रॉय-बिय सगळं विसरायला झालं.

"अरे वा, आपले का? कुठले तुम्ही?"

"लेस्टर."

"नाही, मूळचे?"

"लेस्टरच. डॅड डॉक्टर आहेत तिथे. हां, डॅड साताऱ्याचे. मी शशिधर."

बाबांनी साताऱ्यातल्या ओळखी काढायला सुरुवात केली. तो हो-हो म्हणत होता आणि मधूनच माझ्याकडे बघत होता. मी आभाळाकडे बघत राहिले.

मशीन आलं, पण ते चालवायचं कसं हे आमच्याकडे कुणालाच कळेना. रबराची दोन चाकं गरगर फिरायची, मध्ये चेंडू सोडला की तो सुसाट सुटायचा, कधी बॅटकडे, कधी चहाच्या टेबलाकडे. शेवटी शशिधर दर रविवारी शिकवायला यायला लागला. एरवी तो हीथ्रोवर कार्गोत कामाला होता. क्लबची सेक्रेटरीगिरी दुसरं कुणी घेईना म्हणून त्याच्या गळ्यात पडलेली.

आम्ही सपोर्टरांनी मशीनवर बहिष्कार टाकला. ते सुरू झालं की सगळ्यांनी पाठ फिरवून बसायचं. कल्पना माझीच. पण पाठ फिरवली की मागे काय चाललंय ते दिसत नाही… आणि मागे तो असायचा. मी सारखी बुटाची लेस बांधायला खाली वाकायला लागले.

"सुप्रभा," बाबा पेपरमधून डोकं न काढता म्हणाले, "तुझ्या बुटांना लेस नाहीये."

एका रविवारी पावसाची मोठी सर आली. सगळे पॅव्हिलियनकडे पळाले. मैदानात मशीन, आणि मशीनला मिठी मारून उभा असलेला शशिधर.

"छत्री आण ना, प्लीज," तो ओरडला. "मोटर भिजली तर फिनिश्ड."

मी छत्री नेली आणि नीट मशीनवर धरली. तो भिजतच राहिला. पापण्यांवरून पाणी निथळत होतं.

"माझ्यावर पण… थोडी?"

"तू आम्हाला बदल्यात मिळालेला नाहीस. मशीन मिळालंय. आम्ही आमची वस्तू सांभाळणार."

"बॉयकॉट आहे ना मशीनवर?"

"बहिष्कार सपोर्टरांचा आहे. छत्रीचा नाही."

तो हसला. हसला की डाव्या गालावर एक बारीक रेघ उमटायची. मी छत्री थोडी सरकवली… अगदी थोडी. त्याचा गार, ओला कोपर माझ्या कोपराला लागला, आणि दोघांपैकी कुणीच तो मागे घेतला नाही. पाऊस ताडताड वाजत होता. थांबू नये असं मला वाटत होतं.

"सुप्रभा," तो एकदम म्हणाला, "मला लेस्टरला जॉब ऑफर आहे. वेअरहाउस मॅनेजर. डॅड म्हणतात, घरी ये आता. जुलै एंडपर्यंत सांगायचंय. येस ऑर नो."

"मग?"

"मग… तू काय म्हणतो? सॉरी, म्हणते?"

आता 'जाऊ नकोस' एवढंच म्हणायचं होतं. शब्द अगदी ओठांवर होते. पण आपण कोण त्याला अडवणार, ओळख होऊन किती दिवस झालेत, असलं काहीबाही मनात आलं आणि तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

"मला कशाला विचारतोस? रॉयला विचारलं होतंत का, त्याला विकायच्या आधी?"

त्याचा चेहरा उतरला. "रॉयचं वेगळं आहे."

"काय वेगळं?"

"नाही सांगता येत."

"सांगण्यासारखं असेल तर सांगशील ना. माणसं इकडची तिकडे करण्यात हुशार आहात तुम्ही लोक. जा, तूही जा."

मी छत्री घेऊन तरातरा निघून आले. तो भिजला आणि मशीनही भिजलं.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मशीन कोपऱ्यात गप्प पडून होतं, आणि आमचा बहिष्कार यशस्वी झाला म्हणून मिसेस पॉटरनी सगळ्यांना केक वाटला. मला तो गिळवेना. ऑफिसात माझं काम टेस्टिंगचं, दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या. त्या दिवसांत मी चुका पास केल्या आणि बरोबर असलेले प्रोग्रॅम परत पाठवले. घरी आले की फोनपाशी घुटमळायचं, रिसीव्हर उचलायचा, ठेवायचा. खिडकीत जाऊन उभं राहायचं, परत आत यायचं. एका जागी बसवत म्हणून नव्हतं.

"काय होतंय तुला?" बाबांनी विचारलं.

"रॉयचं वाईट वाटतंय."

"हं," बाबा म्हणाले. "रॉयचं."

रॉयला मी दारातच गाठलं होतं. तुला याचं काही वाटत नाही का, म्हणून विचारलं. तो लाल झाला, पत्रं हातात कोंबली आणि यंदा पाऊस फार आहे असं काहीतरी पुटपुटत पुढच्या घराकडे पळाला. बिचाऱ्याला किती लागलंय, असं मनात आलं आणि शशिधरचा राग नव्याने आला. राग आला की बरं वाटायचं. तेवढा वेळ तरी आठवण येत नसे.

बाबांनी मात्र रॉयला निरोप द्यायची जय्यत तयारी केली. महाराष्ट्र मंडळाचे ते जुने कार्यकर्ते. कुणी रिटायर होवो, घर बदलो, बाबा सत्कार केल्याशिवाय सोडत नसत. "क्लबने हाकललं असेल, आपण मानाने पाठवू," म्हणाले. शालींचा आमच्या कपाटात साठाच होता, त्यातली मोरपंखी काठाची चांगली शाल निघाली. नारळ तेवढा हाउन्सलोच्या दुकानातून आणावा लागला, त्याचाही मला राग आला.

शेवटची मॅच हाउन्सलोशीच होती. मैदानाच्या पलीकडे त्यांचे लोक बसले होते, आणि त्यांच्यात ती हिरवी टोपी. तो वाळल्यासारखा वाटला. की माझ्याच मनाचे खेळ? एकदा आमची नजरानजर झाली. दोघांनीही एकदम दुसरीकडे बघितलं. मॅचमध्ये काय झालं ते मला विचारू नका. रॉय छान खेळला म्हणतात.

संपल्यावर बाबा मैदानात गेले, भाषण केलं, रॉयच्या घामेजल्या खांद्यांवर शाल घातली आणि हातात नारळ दिला. इथल्या जत्रांत चेंडू मारून नारळ पाडायचा खेळ असतो. "रॉय, एवढी वर्षं फेकून शेवटी एक जिंकलास," कुणीतरी ओरडलं. सगळे हसले, रॉयही हसला. मग नारळ त्याने बाबांकडे धरायला दिला आणि आमच्याकडे पाठ करून सरळ पलीकडे चालत गेला. हाउन्सलोच्या लोकांकडे.

तिथे चहाच्या टेबलामागे पांढऱ्या बॉबकटची एक बाई उभी होती. त्यांचा चहा तीच बघायची, ग्लेंडा नाव. रॉयने आपल्या अंगावरची शाल काढली आणि हळूच तिच्या खांद्यांवर घातली. काठ नीट केला. तिने त्याच्या हातावर हात ठेवला… आणि तिथेच राहू दिला.

बाबांनी आयुष्यात पुष्कळ सत्कार केले, पण शाल अशी पुढे गेलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती.

"मीच त्यांना म्हटलं होतं," रॉय तिथूनच इंग्रजीत म्हणाला, इतक्या हळू की आम्ही सगळे पुढे सरकलो. "मला तिकडे घ्या म्हणून. वरिष्ठ मंडळी नको म्हणत होती, या पोराने त्यांच्या मागे लागून जमवलं. तुम्ही हसाल असं वाटलं, या वयात हे काय. म्हणून त्याला म्हटलं, कुणाला बोलू नकोस."

"मग इतके दिवस आम्ही रडत होतो ते कुणासाठी?" मिसेस पॉटरनी विचारलं, आणि डोळे पुसत हसायला लागल्या.

मला हसू आलं नाही. मी मैदान ओलांडून शशिधरसमोर जाऊन उभी राहिले.

"बोलला का नाहीस?"

"प्रॉमिस केलं होतं रॉयला," शशिधर म्हणाला.

"मी तुला काय काय बोलले. तरीही?"

"तरी पण."

"आणि… लेस्टर?"

तो जमिनीकडे बघत राहिला. "शुक्रवारी तिकडे फोन केला. येस म्हणालो. तू काहीच नाही बोलली ना, म्हणून मी समजलो की नो आहे."

शुक्रवारी संध्याकाळी मी फोनच्या शेजारीच बसले होते. रिसीव्हर हातात होता. आता तो जाणार, आणि मी दर रविवारी इथे बसून त्या मुक्या मशीनकडे बघत राहणार. पलीकडे रॉय ग्लेंडाला चहाचे कप आवरायला मदत करत होता. मोठ्या हातांनी, जपून जपून. सगळं आयुष्य एका क्लबात काढलेला माणूस, आणि हवं ते मागायला लाजत लाजत का होईना, गेला होता.

"लेस्टरमध्ये कॉम्प्युटर कंपन्या आहेत?" मी विचारलं.

"असतील ना. व्हाय?"

"टेस्टर लागतात त्यांना?"

आता थांबले असते तर परत कधी बोलले नसते.

"सरळ सांगते. मला तू आवडतोस. फार आवडतोस. तू तिकडे आणि मी इकडे, हे मला जमणार नाही. मला कुणी पाठवत नाहीये, मीच मागतेय. मी येऊ का लेस्टरला?"

त्याने काही बोलायचा प्रयत्न केला, मराठीत, मग इंग्रजीत. दोन्ही जमेना. मग त्याने माझा हात धरला.

मागे कुणीतरी घसा खाकरला. बाबा. हातात रॉयचा नारळ.

"अर्धंमुर्धं ऐकलं मी," ते गंभीर चेहऱ्याने म्हणाले. "म्हणजे आमचा चांगला खेळाडू लेस्टरला चालला. मग आम्हाला बदल्यात काय मिळणार? आधीच सांगतो, मशीन नको. एक आहे."

शशिधरने टोपी काढली. माझ्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं, कानापर्यंत लाल झाला.

"काका… जावई चालेल?"

बाबांनी नारळ त्याच्या हातात ठेवला आणि खिशात रुमाल शोधायला लागले.