दक्षिणे तीरे

विनायकमहाराजांना अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली, आणि लेकीनं त्यांना शहाद्याला नेलं. महादेवाच्या देवळाला पुजारी उरला नाही. तेव्हा गावानं त्यांच्या चुलतभावाला, यज्ञेश्वर जोशींना, बोलावून आणलं. यज्ञेश्वर म्हणजे जन्मभर शाळेत संस्कृत शिकवलेला, पुस्तकांत रमणारा आणि चारचौघांत अवघडणारा माणूस. "मला जमेल का?" असं त्यांनी इतक्यांदा विचारलं, की शेवटी नथ्थू पाटील म्हणाला, "महाराज, देव काय परीक्षा लेस का? चला."

गाव तापीच्या काठावर, सारंगखेड्यापासून फार लांब नाही. बॅरेजमुळे फुगलेलं पाणी देवळाच्या पायऱ्यांशी येऊन थांबलेलं, हिरवट आणि न हलणारं. मागं केळीच्या बागा होत्या. समोर, नदीपलीकडे, नुसत्या बाभळी. तिथं वस्ती नव्हती, आणि पूल झाल्यापासून होडीही बंद होती.

या गावात पुजारी म्हणजे नुसता घंटा वाजवणारा नव्हे. बारशातलं नाव, नवरदेवाचं गोत्र, गेलेल्याचा पिंड, सगळं त्याच्याच तोंडून पुढं जायचं. गावानं आपली नावं त्याच्या जिभेवर ठेवलेली असत. यज्ञेश्वरांना या गोष्टीचं दडपण होतं.

त्यांची पहिली मोठी पूजा कौसाबाईंच्या घरची. नातू भाग्येश साखर कारखान्यात कामाला होता. त्याचं लग्न ठरलं होतं, म्हणून देवळाच्या ओट्यावर सत्यनारायण मांडला. भाग्येश सोवळं सावरत पाटावर बसला. संकल्पात यजमानाचं नाव येतं, गोत्र येतं, आणि आपण कुठं बसलो आहोत तेही सांगावं लागतं.

"ताप्याः उत्तरे तीरे," यज्ञेश्वर म्हणाले.

"दक्षिणे," कौसाबाई मागून म्हणाल्या. "चुकनात महाराज. विनायकमहाराज दक्षिणेच म्हनेत."

यज्ञेश्वरांचे कान तापले. पण या बाबतीत शंकेला जागाच नव्हती. "कौसामाय, गाव नदीच्या उत्तरेला आहे. दक्षिण काठ तो समोरचा."

नथ्थू खदखदून हसला. "म्हंजे आजलगून देवनं पार्सल समोरना बाभूयमा पडे! आते पत्ता बराबर व्हयना, कौसामाय. घरपोच ई."

सगळे हसले, यज्ञेश्वरही हसले. आपलं बरोबर निघाल्याचा आनंद त्यांच्या वाट्याला क्वचितच यायचा. संकल्प त्यांनी पुन्हा, सावकाश आणि स्पष्ट म्हटला. उत्तरे तीरे. भाग्येशनाम्नः यजमानस्य.

दुसऱ्या दिवशी सांजेच्या आरतीला त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. घंटा वाजवली, की पलीकडच्या काठावरून तिचा पडसाद येई, जरासा रेंगाळून. तो आला नाही. हवा बदलली असेल, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

तिसऱ्या दिवशी तो आला, पण नदीच्या मधून. तिथं पाण्याशिवाय काही नव्हतं, मग आवाज आपटला कशावर? यज्ञेश्वर पायरीवर उभे राहून बराच वेळ पाण्याकडं पाहत होते. गाळाचा थंड वास येत होता.

पुढं तो पायऱ्यांच्या अगदी खालून येऊ लागला. आणि तो घंटेचा राहिला नव्हता. कुणीतरी नाकात, एकेक अक्षर जुळवून पाहत असल्यासारखं म्हणत होतं: भाग्येशनाम्नः.

आपले कान म्हातारे झालेत, रक्तदाबाच्या गोळीनं असं होत असेल, असं ते स्वतःला सांगत राहिले. कुणाला बोलले नाहीत. लोक म्हणतील, मास्तरला जमलं नाही.

मग एका सकाळीच कौसाबाई आल्या. डोक्यावरचा पदर घसरला होता, त्यांना भान नव्हतं.

"महाराज, पोऱ्या जेवस नही. कामवर जास नही. नुसता दारमा उभा ऱ्हास. अन् घडीघडी म्हनस, 'व्हय, ई ऱ्हायनू.'"

"'येतोय' म्हणतो? कुणाला?"

"तेच तं! घरमा कोनी हाक मारस नही. लगीन तोंडवर शे, महाराज. माले तोच एक शे."

यज्ञेश्वर मिळेल त्या पहिल्या एस.टी.नं शहाद्याला गेले. विनायकमहाराज खाटेवर पडून होते. यज्ञेश्वरांनी त्यांना सगळं सांगितलं. "दादा, तुम्ही दक्षिणे म्हणायचात. मी ते सुधारलं. चुकलो का मी?"

विनायकमहाराजांनी चांगला हात उचलला. यज्ञेश्वरांना वाटलं, आशीर्वाद देतायत.

त्यांनी तळवा यज्ञेश्वरांच्या तोंडावर ठेवला आणि घट्ट दाबला.

'उत्तरे' म्हणू नकोस, असा अर्थ यज्ञेश्वरांनी घेतला आणि गावी परतून दुपारीच देवळाच्या ओट्यावर भाग्येशला पाटावर बसवलं. भाग्येश पाण्याकडं पाहत होता. कौसाबाई त्याच्या पाठीवर हात ठेवून बसल्या. नथ्थू खांबाशी उभा होता, या वेळी हसत नव्हता.

आयुष्यात पहिल्यांदाच यज्ञेश्वर जाणूनबुजून चुकीचं म्हणणार होते.

"ताप्याः दक्षिणे तीरे."

पायऱ्यांवर पाणी हललं. वारा नव्हता.

"भाग्येशनाम्नः यजमानस्य."

त्यांनी घंटा वाजवली.

पडसाद आला. लांबून, पलीकडच्या बाभळींतून, पूर्वीसारखाच रेंगाळून.

भाग्येशनं डोळे चोळले. प्रसादाचा शिरा पुढं ओढला आणि उपाशी माणसासारखा खाल्ला. अजून मागितला. कौसाबाई रडू लागल्या. "खाय रे भो, खाय." नथ्थूनं यज्ञेश्वरांचे पाय धरले. यज्ञेश्वरांना काय करावं ते कळेना, ते नुसते "असू दे, असू दे" म्हणत राहिले.

भाग्येशनं हात धुतले आणि तीर्थासाठी ओंजळ पुढं केली. चेहरा शांत होता, बोलणं अदबीचं. नव्या गावी आलेला पाहुणा बोलतो तसं.

"महाराज, होडी कव्हय ई?"

"कशाला रे?"

"समोर जानं शे, घर." त्यानं बाभळींकडं पाहिलं. "उशीर व्हयना. मन्ही आजी वाट दखी ऱ्हायनी व्हई."

कौसाबाईंचा हात अजून त्याच्या पाठीवर होता.