सतरा नंबरची लाइन

ही रात्रीची गोष्ट नाही, हे आधीच सांगते.

जे घडलं ते एका बुधवारी, दुपारी चार चाळीस ते सायंकाळी सहा दहा या वेळात, लख्ख उजेडात, माझ्या ऑफिसात घडलं. एक साक्षीदार आहे. तो या विषयावर बोलत नाही. मी वाढवून काही सांगणार नाही. वाढवायची गरजही नाही.

त्याआधी तीन आठवड्यांपूर्वीचा सोमवार सांगायला हवा. बाबांचा शेवटचा साधा दिवस.

आमचं ऑफिस म्हणजे लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्या. खालून दिवसभर वाफेच्या इस्त्रीचा फुस्स... फुस्स आवाज येतो. मी आणि माझा कॉलेजपासूनचा मित्र, ज्याला जाड चष्म्यामुळे सगळे ढापण्या म्हणतात, म्हाताऱ्या माणसांसाठी एक यंत्रणा चालवतो. छातीला नाडी मोजणारा पट्टा, पलंगाशेजारी भिंतीवर पेटी. पेटी आणि आमचा सर्व्हर यांच्यात इंटरनेटवरून एक लाइन कायम उघडी असते. तिला वेबसॉकेट म्हणतात. दोन माणसांनी फोन न ठेवता दिवसरात्र कानाला धरून बसावं, तशी ती असते. दर तीस सेकंदांनी सर्व्हर विचारतो, "आहेस का?" पट्ट्याकडून नाडी मिळत असेल तरच पेटी म्हणते, "आहे." उत्तर आलं नाही की आमच्याकडे घंटी वाजते.

हे सगळं बोलणं कुलूपबंद असतं. प्रत्येक पेटीची किल्ली पेटीतच तयार होते आणि तिची दुसरी प्रत जगात नसते. एका पेटीचं सोंग दुसऱ्या कुणाला घेता येत नाही.

बाबांची पेटी सतरा नंबरची.

पट्टा घामाने सुटायचा, कुशीवर वळताना सरकायचा. मग खोटी घंटी. ग्राहक वैतागले, तेव्हा मी एक बदल केला. पट्टा गप्प असला तरी पेटीनंच "आहे" म्हणायचं. पडद्यावरचा ठिपका हिरवा राहायचा आणि शेजारी नाडीचा शेवटचा आकडा तसाच दिसत राहायचा.

बाबांचं आयुष्य टेलिफोन एक्सचेंजमध्ये गेलं होतं. त्यांनी हा बदल दोन दिवसांत पकडला. सोमवारी बाराच्या सुमारास त्यांचा फोन आला.

"इंजिनियरबाई, मी आंघोळ करून आलो. पट्टा खुंटीला होता. तुमचा पडदा काय म्हणतो?"

"हिरवा आहे. शहात्तर."

"अरे वा! म्हणजे खुंटीची तब्येत ठणठणीत आहे."

फोन स्पीकरवर होता. ढापण्या फिस्सकन हसला. मला हसू आलं नाही.

"बाबा, मी कामात आहे."

"वर्गात गैरहजर मित्राची हजेरी लावतात ना पोरं, तसलं काम केलंयस तू. मेलेला माणूस यात महिनाभर हजर राहील."

"माझं एक तरी काम तुम्हाला कधी पटलंय का?"

"पटण्यासारखं केलंस की पटेल."

मी फोन ठेवला.

आई दोन दिवसांसाठी मावशीकडे गेली होती. घरी बाबा एकटेच होते. चार चाळीसला त्यांचा आकडा एकाहत्तरवर थांबला. मी पाच वाजता पाहिलं. वीस मिनिटं तोच आकडा. जिवंत माणसाचा आकडा सारखा हलत असतो, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार?

मी पडदा मिटला आणि माझ्या घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई परतली. बाबा खोलीच्या उंबऱ्यात पडले होते. पट्टा अर्धा सुटलेला. भिंतीवरची पेटी तेव्हाही आम्हाला कळवत होती... आहे, आहे, आहे.

डॉक्टर म्हणाले, "झटक्यात गेले. त्यांना कळलंही नसेल." आईनं या वाक्याचा आधार घेतला. तरी एकदा तिनं विचारलंच, "तुझ्या पडद्यावर काहीच दिसलं नाही का गं?"

"नाही, आई. दिसायला मार्गच नव्हता."

तो बदल मी त्याच आठवड्यात काढून टाकला. बाबांची पेटी ऑफिसात आणली. ग्राहक गेला की पेटीतली, किल्ली जपणारी चिप नष्ट करायची, असा आमचा नियम आहे. ढापण्यानं माझ्यासमोर ड्रिलनं तिला आरपार भोक पाडलं. भुगा मी स्वतः झाडला. यादीतून सतरा नंबर खोडला.

मग तो बुधवार आला.

चार चाळीसला खालचा इस्त्रीचा आवाज एकदम थांबला. रस्त्यावरचाही. कानांना दडे बसल्यासारखं झालं...

"अगं," ढापण्या म्हणाला, "सतरा नंबर कुणी चालू केला?"

पडद्यावर हिरवा ठिपका. शेजारी आकडा... एकाहत्तर.

"गंमत करतोयस?"

"वेड लागलंय का मला? किल्ली जुळतेय बघ. तीच किल्ली."

मी तीनदा तपासलं. किल्लीनं उमटणारी सही बाबांच्या पेटीचीच होती. भोक पाडलेल्या चिपची ती पेटी समोरच्या कपाटात होती. मी कपाट उघडलं. ती तिथंच होती. थंड, वायर नसलेली.

सर्व्हरनं विचारलं, "आहेस का?"

उत्तर आलं नाही.

तीस सेकंदांनी... तिकडून प्रश्न आला.

"आहेस का?"

या लाइनीवर दोन्ही टोकांना विचारता येतं. पण आमच्या पेट्यांना विचारायला आम्ही कधी शिकवलंच नव्हतं. कुणी विचारलं तर सर्व्हर आपोआप उत्तर देतो. त्यानं दिलं, "आहे."

लाइन तुटली. तोडणाऱ्याला कारण लिहायची सोय असते. तिथं एकच ओळ होती.

*हे उत्तर तुझं नाही.*

लाइन पुन्हा जोडली गेली. पुन्हा तोच प्रश्न. पुन्हा सर्व्हरचं उत्तर, पुन्हा तोडणं, पुन्हा तीच ओळ. दर वेळी जोडणी आधीपेक्षा लवकर होत होती. रागावलेला माणूस दार ठोठावतो, तशी.

ढापण्यानं भिंतीतून इंटरनेटची केबल उपटली. बाकीचे सगळे ठिपके राखाडी झाले.

सतरा हिरवाच राहिला.

आणि आकडा हलला... सत्तर.

ढापण्या हातात केबल धरून माझ्याकडे बघत राहिला. "त्या दिवशीही एकाहत्तरवर थांबला होता ना? आणि आता तिथून पुढचा दाखवतोय?"

मी आकड्याकडेच बघत होते.

"तुला कधी कळलं होतं?"

तो दोन पावलं मागे सरकला. पडद्यापासून नव्हे, माझ्यापासून.

सहासष्ट. एकसष्ट. मध्येच चौर्‍याऐंशी, जणू कुणी उठायचा प्रयत्न केला. मग अठ्ठावन्न. पाच वाजले. साडेपाच वाजले. आकडा चालूच होता. झटक्यात गेलेल्या माणसाचा आकडा इतका वेळ चालत नाही. मला उठता येत नव्हतं. पडदा बंद करायचा विचार मनात आला की आकडा धाडकन खाली यायचा... म्हणून मी बघत राहिले. दीड तास होता त्यांच्याकडे. मी पाहिलं तेव्हा त्यातली सत्तर मिनिटं उरली होती.

सहा वाजून पाच मिनिटांनी माझा मोबाइल वाजला. आई.

"अगं, यांच्या खोलीत काहीतरी वाजतंय."

"काय वाजतंय?"

"भिंतीतून येतंय. तुझी पेटी होती ना, तिथून. घड्याळासारखं, पण... अडखळत. तिथं तर आता नुसता खिळा आहे गं."

माझ्यासमोर एकेचाळीस. सदतीस.

"आई, तू खोलीबाहेर ये."

"का? काय आहे ते?"

"तू बाहेर ये ना!"

"नाही यायची. आवाज बघ कसा झालाय तुझा. तुला माहीत आहे हे काय आहे ते."

एकोणतीस. बावीस.

त्या बुधवारच्या नोंदी आम्ही नंतर तपासल्या. सतरा नंबरची एकही सापडली नाही. ढापण्यानं महिन्याभरात दुसरी नोकरी धरली. मी अजून तिथंच काम करते आणि चार चाळीसला खालचा आवाज चालू आहे ना, हे ऐकल्याशिवाय हातातलं काम पुढं नेत नाही.

सहा दहा झाले. आकडा गेला. ठिपका तसाच हिरवा.

"थांबलं गं," आई फोनवर हळूच म्हणाली. "आता काहीच येत नाही."

आणि पडद्यावर पुन्हा उमटलं... आहेस का?

सर्व्हरनं या वेळी उत्तर दिलं नाही. मी फोन तोंडाजवळ घेतला.

"आई, मी त्या दिवशी पाच वाजताच पाहिलं होतं. आकडा थांबला होता. एक फोन करायचा होता फक्त. मला त्यांचा राग आला होता. मला वाटलं, बसू देत आज माझी वाट बघत."