चार-दहाचा ताप

कम्प्युटर का गरम होतो याची कारणं मी बोटांवर मोजून सांगू शकतो. पंख्यात साठलेली धूळ, प्रोसेसर आणि त्याच्यावरचा धातूचा ठोकळा यांच्यामधली सुकलेली पेस्ट, भिंतीला चिकटवून ठेवलेला डबा, आणि चौथं म्हणजे मालकाची हाव. बावीस वर्षांत पाचवं कारण मला भेटलं नव्हतं. त्यामुळे "यात काहीतरी आहे हो" असं म्हणत कुणी दुकानात आलं, की मी आधी स्क्रूड्रायव्हर शोधतो आणि मग त्याचं ऐकतो.

सिस्टर तसं काही म्हणाल्या नाहीत. मागच्याच गल्लीत राहायच्या. तीस वर्षं हॉस्पिटलात नर्स होत्या, म्हणून सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. रिक्षातून कम्प्युटरचा डबा आणून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला आणि रुग्णाची माहिती द्यावी तसं सांगितलं, "दुपारी दोनला चालू करते. हळूहळू तापतो. चार वाजून दहा मिनिटांनी बंद पडतो. रोज."

"रोज चार-दहालाच?"

"रोज."

मी डबा उघडला. चौथं कारण होतं. प्रोसेसरला कंपनीनं ठरवून दिलेल्या वेगापेक्षा कितीतरी जास्त वेगानं पळवलं होतं. हौशी पोरं करतात असं. बैलाला शर्यतीचं वेड लावावं तसं. पण असं करणारा माणूस पंखा तरी जोरात ठेवतो. इथे पंखा सगळ्यात हळू वेगावर होता आणि उष्णता वाढली की वाजणारा अलार्म बंद केलेला होता.

"ज्यानं हे केलं तो हुशार आहे, पण वेडाही आहे," मी म्हणालो. "अलार्म बंद करून ठेवलाय."

"माझ्यासाठी केला होता त्यानं," सिस्टर म्हणाल्या. "रात्रपाळी करून मी दिवसा झोपायचे. पंख्याच्या आवाजानं झोपमोड व्हायची, आणि तो अलार्म तर विचारू नका. मुलगा माझा. तीन महिने झाले त्याला जाऊन."

माझ्या हातातला स्क्रू खाली पडला. तो शोधण्याच्या निमित्तानं मी थोडा वेळ टेबलाखालीच राहिलो.

त्यातलं सगळं दुसऱ्या डिस्कवर काढून देतो, मी म्हणालो. फोटो, फायली, सगळं.

"ते नको, भाऊ. चालू असला की घरात कुणीतरी आहे असं वाटतं. तो मधेच बंद पडायला नकोय मला. एवढंच करा."

मी वेग मूळपदावर आणला, पेस्ट बदलली, नवा पंखा बसवला. माझ्या दुकानात चार दिवस तो अखंड चालला. उष्णता पंचेचाळीसच्या वर गेली नाही. मी खूश होऊन डबा घरी पोचवला. दुसऱ्या दिवशी सिस्टरांचा फोन आला. चार-दहाला बंद पडला होता.

मग मी त्यांच्या घरचा वीजदाब तपासला, वायर बदलली, खिडकीतून ऊन येतं का ते पाहिलं. दुपारी आपोआप सुरू होणारं एखादं काम कुठे लपलंय का, ते शोधलं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं चाललं होतं. शेवटी उष्णतेची नोंद ठेवणारा एक छोटा प्रोग्रॅम घातला, अलार्म चालू केला, तो पंच्याण्णवला लावला आणि पंखा पूर्ण वेगावर ठेवला. आठवडाभर काही करू नका, फक्त रोज दोनला चालू करा, असं सांगून आलो.

पुढच्या सोमवारी पावणेचारला मी नोंदी बघायला गेलो. मुलाची खोली स्वच्छ होती. टेबल, कम्प्युटरचा पडदा, कीबोर्डवर झाकलेलं निळं कापड, शेजारी सिस्टरांची खुर्ची. डब्याचं झाकण मी काढून ठेवलेलं होतं तसंच होतं. अलार्म वाजत होता आणि सिस्टर शांतपणे बसल्या होत्या. खिशातून त्यांची ड्यूटीची डायरी डोकावत होती.

नोंदी सातही दिवस सारख्या होत्या. दोन वाजता एकशे एक. अडीचला एकशे दोन. तीनला एकशे तीन. साडेतीनला एकशे चार. चार-दहाला एकशे पाच, आणि पुढे काही नाही. एकशे पाचला प्रोसेसर स्वतःला वाचवायला बंद होतो, ते बरोबरच होतं. पण त्या वेळी त्याच्यावर कसलंच काम नव्हतं. रिकामा बसून तो तापत होता.

मी आकडे मोठ्यानं वाचले. सिस्टरांनी डायरी काढली, एक पान उघडलं आणि माझ्यापुढे धरलं.

"त्या दिवशी ड्यूटीला बदली कुणी मिळेना. ताप होता त्याला, पण म्हणाला, जा तू. मी दर अर्ध्या तासानं फोन करून विचारायचे आणि लिहून ठेवायचे. सवयच ती."

दोन वाजता एकशे एक. अडीचला एकशे दोन. तीनला एकशे तीन.

माणसाचा ताप आपण फॅरनहाइटमध्ये मोजतो आणि यंत्राची उष्णता सेल्सिअसमध्ये. आकडे जुळले म्हणून काही सिद्ध होत नाही. हे मी स्वतःला दोनदा सांगितलं.

त्यापुढे मात्र आकडे जुळत नव्हते. डायरीत साडेतीनला एकशे दोन होते. आणि चार-दहाला, ठळक अक्षरात, अठ्ठ्याण्णव.

"चारला मला फोन करता आला नाही, चार-दहाला त्यानंच केला," सिस्टर म्हणाल्या. "म्हणाला, उतरला गं ताप, अठ्ठ्याण्णव आहे, तू सावकाश ये. म्हणून मी सावकाश आले. साडेआठला. याच टेबलावर डोकं ठेवून बसला होता. कम्प्युटरही बंद होता."

मी पान मिटून परत दिलं. त्यांना दोन्ही आकडे शेजारी शेजारी दिसू नयेत असं मला फार वाटलं. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं की झोपेतच गेला, आणि एवढ्या एका वाक्यावर ही बाई तीन महिने उभी होती.

चार वाजले.

सिस्टरांनी शेजारी ठेवलेल्या भांड्यातल्या पाण्यात रुमाल बुडवून पिळला आणि घडी करून मांडीवर ठेवला. विजेच्या वस्तूजवळ पाणी नको, हे मी गिऱ्हाइकांना ओरडून सांगतो. त्या दिवशी गप्प बसलो.

"मी पडद्याकडे बघणार नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगा."

चार-पाच. एकशे चार. अलार्म वाजतच होता.

त्यांनी हात पुढे केला आणि प्रोसेसरवरच्या ठोकळ्याच्या कडेला बोटं टेकवली. "भाजेल," म्हणत मी त्यांचं मनगट धरायला गेलो आणि माझीही बोटं ठोकळ्याला लागली. एवढ्या उष्णतेत तिथे बोट क्षणभरही ठेववत नाही. पण ठोकळा नुसता गरम होता. तापल्या कपाळाइतका.

चार-दहा.

"किती?" सिस्टरांनी विचारलं.

पडद्यावर एकशे पाच होते.

"अठ्ठ्याण्णव," मी म्हणालो.

त्यांनी ठोकळ्यावरची बोटं काढली नाहीत.

"तोही असंच म्हणाला होता," त्या म्हणाल्या. "आधी जरा थांबला, आणि मग म्हणाला. तीस वर्षं मी तापाची माणसं बघितली, भाऊ. मला त्याच्या थांबण्यावरूनच कळलं होतं. कळलं होतं तरी मी अठ्ठ्याण्णव लिहिलं, कारण मला ते खरं हवं होतं. आता खरं सांगा."

"एकशे पाच."

त्यांनी मान हलवली. ओला रुमाल ठोकळ्यावर ठेवला आणि वर हात दाबून धरला.

"मी घरीच आहे रे," त्या म्हणाल्या. "कुठे जात नाही."

चार-अकरा. कम्प्युटर चालू होता.

एकशे चार. एकशे दोन. शंभर.

अठ्ठ्याण्णववर आकडा थांबला आणि तिथेच राहिला.

"सिस्टर, उतरला," मी म्हणालो. "या वेळी खरंच."

खुर्चीत बसल्या बसल्याच त्यांना झोप लागली होती. हात ठोकळ्यावरच होता. तीन महिन्यांत ही बाई दिवसा झोपलीच नसावी, असा चेहरा होता.

मग माझ्या लक्षात आलं, खोलीत काहीच आवाज नव्हता.

अलार्म मी पंच्याण्णवला लावला होता. अठ्ठ्याण्णववर तो वाजायला हवा होता.

मी पडद्याकडे पाहिलं. एक छोटी चौकट उघडलेली होती. अलार्म बंद. पंखा सगळ्यात हळू.

कीबोर्डवरचं निळं कापड जसंच्या तसं होतं. मी चपला हातात घेतल्या आणि दार न वाजवता बाहेर आलो.