खिंडीपलीकडे नेलेली खोली

पठारावरच्या हवामान केंद्राचं छप्पर वादळात उडालं, आणि तिथे एकटाच नोकरीला असलेला ताईचा धाकटा भाऊ औजारांच्या कोठीत राहू लागला. बर्फाने खिंड बंद व्हायच्या आत त्याला निवारा पोचवायला हवा होता, म्हणून ताई निघाली. तिच्या पिकअपच्या हौद्यात कॅम्पर होता: पत्र्याची बिनचाकांची खोली, एक खिडकी, एक बिछाना. खोलीच्या चारही कोपऱ्यांना साखळ्या अडकवून तिने त्या हौद्याच्या कड्यांना करकचून आवळल्या होत्या. नवरा गेल्यापासून ती याच खोलीत राहत होती. भावाला हे ठाऊक नव्हतं. फोनवर दोघं हवापाण्यापलीकडे बोलतच नसत.

सकाळपासून दोन्ही बाजूंना वाळकं गवत होतं, माणसाचा मागमूस नव्हता. ती मधूनच स्वतःशी मोठ्याने बोले, आणि आपलाच आवाज परका वाटून गप्प होई.

खिंडीच्या तोंडाशी रस्ता साफ करणाऱ्या यंत्राचा चालक भेटला.

"परत फिरा, बाई. उद्या बर्फ आहे."

"म्हणूनच आज जाते."

"वर कोण आहे तुमचं?"

"भाऊ."

यंत्र बाजूला घेऊन त्याने वाट दिली.

वळणावर वारा आडवा आला. धाड! हौद्याची पुढची कडी पत्र्यासकट उखडली! कॅम्पर दरीकडे कलला. गाडीची एक बाजू उचलल्यासारखी झाली. तिने ब्रेक दाबला, उतरली, चाकांखाली दगड सारले. उरलेल्या साखळ्या सोडल्या तर खोली दरीत जाईल, गाडी वाचेल. तिचा हात साखळीवर गेलाही. पण कोठीत कुडकुडणारा भाऊ डोळ्यांपुढून हलेना.

तिने गाडी ओढायची जाड साखळी काढली आणि छपरावरून फेकली. वाऱ्यात ती अर्ध्यातूनच घसरून परत आली. पुन्हा फेकली. पुन्हा परत! तिसऱ्यांदा साखळी पलीकडे पडली. पोटावर सरपटत तिने ती गाडीच्या सांगाड्याखालून ओढून घेतली आणि बोटं सोलवटेपर्यंत आवळली. छपराची कड चेपली. खोली सरळ झाली!

ऊन कलताना ती पठारावर पोचली. दोघांनी मिळून कॅम्परचे लोखंडी पाय जमिनीवर टेकवले आणि गाडी खालून काढून घेतली. भाऊ आत डोकावला. फळीवर कंगवा, खिळ्याला तिचा स्वेटर.

"ताई, तू यात राहतेस?"

"राहत होते."

"मग आता?"

"खाली बघेन एखादी खोली."

"थांब ना इथेच."

"खिंड बंद झाली की अडकेन रे. माझं पोट गाडीवर आहे."

सकाळी बर्फ भुरभुरू लागला तशी ती निघाली. रिकामा हौदा खडखडत होता. आरशात कॅम्परची खिडकी दिसत होती, दारात हात वर करून उभा भाऊ दिसत होता. तो दिसेनासा होईपर्यंत तिने गाडी हळू चालवली. मग खिंड आली, आणि तिने दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं.