सिद्धेशच्या वाटणीचा तिळगूळ

चंद्रकांतकाकांनी शेकोटीत एक ढलपी सारली आणि म्हणाले, हे ऐकीव नाही. जिच्यावर हे गुदरलं तिच्या नवऱ्याच्या शेजारच्या टेबलावर, इथल्याच एका प्रयोगशाळेत काकांची नोकरी झाली होती. मराठी मंडळाच्या गच्चीवर जमलेल्या पोरांनी मोबाइल खिशात टाकले. खाली लखनौच्या अलीगंजचे दिवे धुक्यात बुडाले होते. तेव्हाही असंच होतं, काका म्हणाले. दोन हजार तेराची संक्रांत. सोमवार.

त्या दिवशी देवयानीला एकच काम होतं. मुलाच्या, यशच्या गेमिंग कन्सोलचं बंद पडलेलं इंटरनेट चालू करायचं. एम.एस्सी. झालेली बाई, पण वायरींपुढे ती पहिलीतली व्हायची. शिवाय कुठलंही काम बिघडलं की ते आपल्यामुळेच, हे तिचं आधीच ठरलेलं असे.

कामामागे कारण होतं. साताऱ्याहून इथे आल्यापासून सात वर्षांचा यश बोलेनासा झाला होता. शाळेत पोरं त्याच्या हिंदीला हसली. त्यानं हिंदी पटापट उचलली आणि मग बोलणंच मिटवून टाकलं. आईनं मराठीत काही विचारलं की "हाँ" नाहीतर "नहीं". पण संध्याकाळी कानाला हेडसेट लावून, कोल्हापूरच्या आत्याच्या सिद्धेशबरोबर खेळायला बसला की पोरगं खळाळून बोलायचं. नेट गेलं आणि परवापासून तो "हाँ"सुद्धा बंद झाला होता.

नवरा, माधव, दिल्लीत अडकलेला. धुक्यामुळे इथल्या अमौसी विमानतळावर एकही विमान उतरत नव्हतं. म्हणून तिनं आशिषला फोन लावला. आशिष माधवच्या हाताखालचा, लखनौतच वाढलेला.

"वहिनी, टेन्शन नका घेऊ यार… सॉरी. पहिले राउटर बंद करा. थोडं थांबा. फिर चालू."

तिनं केलं. पडद्यावर कन्सोलनं स्वतःला तपासलं. केबल: बरोबरची खूण. इंटरनेट: लाल फुली. तिनं केबल काढली, फुंकर मारली, परत लावली. फुली. आशिषनं सांगितलं, आता राउटरचा प्लगच उपटा आणि जरा वेळानं लावा, तोवर मी केबलवाल्याला गाठतो. टीव्हीमागच्या अंधारात वायरींचा गुंता होता. तिनं चाचपून प्लग उपटला, मनातल्या मनात पाढा म्हटला, चाचपून परत लावला आणि लाल फुली बघायचा धीर नाही म्हणून स्वयंपाकघरात निघून गेली.

चौकातून आणलेल्या तिळाचे लाडू गार झाले होते. दरवर्षी पहिला तिळगूळ सिद्धेशच्या हातावर पडायचा. यंदा तिनं त्याच्या नावाचा एक लाडू वाटीत काढला, वर झाकण ठेवलं.

आणि यश हसला.

ती तशीच उभी राहिली. हॉलमधून त्याचा आवाज येत होता. भरभर. मराठीत. देवयानीला रडूच आलं. आपल्या हातून एकदा तरी काही दुरुस्त झालं. ती धावत गेली, त्याच्या डोक्यावरचा हेडसेट काढून स्वतःच्या कानाला लावला.

"सिद्धू, तिळगूळ घे, गोड बोल. तुझा वाटीत काढून ठेवलाय हं. ये घ्यायला."

पलीकडे थोडी खरखर झाली.

"येतो, काकू."

तिनं हेडसेट परत दिला. पोराच्या केसांवरून हात फिरवला. किती गोड बोलतो सिद्धेश, तिला वाटलं. मग वाटलं, काकू? सिद्धेश तर तिला मामी म्हणतो.

तेवढ्यात फोन वाजला. कोल्हापूरहून नणंद, विभाताई. तिळगुळाचं बोलणं झालं. अगं, आमच्या इथे परीक्षा आहे, म्हणून गेमचा डबा कालच कपाटात घातलाय. आणि हा बघ, सिद्धू माझ्या मांडीवर डोकं ठेवून रुसलाय. देऊ का फोन?



फोन ठेवला तोच आशिषचा आला. वहिनी, पूर्ण गलीचं नेट बंद आहे. ट्रकनं खांबावरची केबल तोडली. आज काही होत नाही, आराम करा.

हॉलमध्ये यश बोलत होता.

ती टीव्हीमागे वाकली. राउटरवर एकही दिवा नव्हता. त्याचा प्लग जमिनीवर पडला होता. चाचपडताना तिनं रूम हीटरचा प्लग लावला होता. पडद्यावर लाल फुली तशीच.

"यश… बंद कर."

यशनं मान वळवली. डोळे चमकत होते.

"मम्मी, वो पूछ रहा है, दरवाज़ा कौन सा है।"

"तू… काय सांगितलंस?"

"बता दिया। ऊपर वाला।"

तिनं कन्सोलची वायर ओढली. पडदा काळा झाला. तिनं पोराला उचललं. दाराच्या दोन्ही कड्या बघितल्या. लागलेल्या होत्या. बेडरूममध्ये शिरून तिसरी लावली. रजईत त्याला छातीशी धरून बसली.

जिना शांत होता.

दार शांत होतं.

मग स्वयंपाकघरात वाटीवरचं झाकण वाजलं. हळूच. सवयीच्या हातानं उचलल्यासारखं.

नंतर… काही नाही. बराच वेळ काही नाही. झाकण पुन्हा ठेवल्याचा आवाज आला. तेवढाच.

काका थांबले. शेकोटी कुणी सारली नाही.

सकाळी माधव रेल्वेनं आला. बाहेरच्या दाराच्या दोन्ही कड्या तिनंच, आतून काढल्या. मग ती त्याचा हात धरून ओट्यापाशी गेली. वाटीवर झाकण होतं. लाडू नव्हता. लाडवाच्या जागी हलव्याचे दाणे होते. पांढरे, काटेरी, घरी पाक घालून हातानं हलवलेले. तिळगूळ घेतला की आपलाही द्यायचा असतो ना, तसे. तिनं हलवा केला नव्हता. लखनौच्या बाजारात तो कुठे मिळतही नाही.

माधवनं वाटी नळाखाली धरली. दाणे धुऊन टाकले, एकूण एक.

मागे यश येऊन उभा होता. रात्रभर तो तिच्या कुशीतून हलला नव्हता. त्याचा एक गाल फुगला होता.

"काय आहे तोंडात?"

दाताखाली काहीतरी कडकन फुटलं. कितीतरी महिन्यांनी तो आईशी मराठीत बोलला. स्वच्छ, हसत.

"गोड आहे, काकू."